रडू येतं, कारण दार कोणी लावलं ते दिसतं

सोलहून बुसानला निघालेल्या रेल्वेगाडीत चाव्यातून माणसांना झोंबी करणारी लागण पसरते, त्या ‘ट्रेन टू बुसान’ या कोरियन चित्रपटाचा विषय निघाला की हमखास दोन बाजू पडतात. एका बाजूचं म्हणणं असं की चित्रपट उत्तम आहे, सरकार आणि पैसेवाल्यांवर नेमकं बोट ठेवतो, पण शेवटी उगाच रडवतो. दुसऱ्या बाजूला राजकारणात रस नसतो. तिच्या लेखी ही बापलेकीची गोष्ट, झोंबी फक्त निमित्ताला. मला दोन्ही म्हणणी पटत नाहीत. या चित्रपटात डोळ्यांत पाणी येतं ते संकट मोठं म्हणून नाही आणि मूल गोड म्हणूनही नाही. कोणतं माणूस कोणाच्या कोणत्या निर्णयामुळे गेलं, हे आपण दर वेळी डोळ्यांनी पाहिलेलं असतं, म्हणून येतं. आपत्तीत जबाबदारी कोणाची, हा सार्वजनिक प्रश्न आहे. या चित्रपटाने तो भावनेच्या वाटेनेच सोडवला आहे. भावना काढून टाकली तर राजकारणही हाती लागत नाही.

(पुढे शेवटापर्यंतचं कथानक येणार आहे. पाहिला नसेल त्यांनी आधी पाहून घ्यावा. दोन तासांना दोन मिनिटं कमी.)

मे 2016 मध्ये कान महोत्सवात मध्यरात्रीच्या खेळांच्या विभागात तो पहिल्यांदा दाखवला गेला आणि 20 जुलैला कोरियात लागला. पाच कोटींच्या आसपास लोकसंख्येच्या त्या देशात त्याची 1 कोटी 10 लाखांहून जास्त तिकिटं विकली गेली. दिग्दर्शक यॉन सांग-हो तोवर अ‍ॅनिमेशनमध्ये काम करत होता. 2011 आणि 2013 मधल्या त्याच्या दोन मोठ्या अ‍ॅनिमेशनपटांत एकात शाळेतली दादागिरी आहे, दुसऱ्यात धर्माच्या नावाखाली गावाला लुबाडणारी टोळी आहे. दोन्ही इतके कडवट की त्यांत दिलासा देणारं पात्र शोधून सापडत नाही. असा माणूस पहिल्यांदा खऱ्या नटांसोबत काम करायला बसतो आणि प्रेक्षकाला रडवायचं ठरवतो, तेव्हा तो नरम पडला असं मला वाटत नाही. त्याने हत्यार बदललं.

त्यामागचा काळ लक्षात घ्यायला हवा. 16 एप्रिल 2014 रोजी सेवोल नावाची प्रवासी बोट बुडाली. बोटीवर 476 जण होते, त्यातले 304 गेले. त्यातली 250 मुलं आनसान शहरातल्या एकाच शाळेची, सहलीला निघालेली. बोट कलत असताना ध्वनिक्षेपकावरून पुन्हा पुन्हा सूचना दिली जात होती की जागेवरच थांबा, हलू नका. मुलांनी ऐकलं. कप्तान मात्र सुरुवातीलाच सुटका झालेल्यांमध्ये होता. नोव्हेंबर 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्यावरचा खुनाचा ठपका आणि जन्मठेप कायम केली. त्याच वर्षी मेमध्ये मर्स हा श्वसनाचा आजार देशात शिरला होता. 186 जणांना लागण झाली, 38 जण दगावले. रुग्ण कोणकोणत्या इस्पितळांत आहेत त्यांची नावं सरकारने सुरुवातीचे दिवस जाहीर केली नाहीत आणि तेवढ्यात त्याच इस्पितळांतून लागण पसरत गेली.

म्हणून चित्रपटातल्या टीव्हीवर जेव्हा दंगली उसळल्याच्या बातम्या येतात आणि सरकारतर्फे शांत राहा, अफवांवर विश्वास ठेवू नका असं सांगितलं जातं, तेव्हा कोरियन प्रेक्षकाला वेगळी टीप लागत नाही. बेसबॉलच्या संघातली शाळकरी पोरं गणवेशात डब्यात चढतात तेव्हाही नाही. मला त्याहून मोलाचं वाटतं ते गाडीच्या चालकाचं पात्र. पडद्यावर तो फार थोडा वेळ आहे. दोंगदेगू स्थानकात मार्ग अडलेला असतो. तो प्रवाशांना उद्घोषणा करून खरी परिस्थिती सांगतो, दुसरं इंजिन शोधून आणतो आणि एका घाबरलेल्या प्रवाशाला हात द्यायला थांबतो, त्यात जातो. सेवोलच्या कप्तानाने जे केलं नाही ते सगळं हा माणूस कुठलंही भाषण न करता करतो. बोटीचं नावही न घेता चित्रपटाने हिशेब मांडला आहे.

बुसानची निवडही अशीच. 1950 च्या उन्हाळ्यात उत्तर कोरियाची फौज जवळजवळ सगळा दक्षिण कोरिया व्यापून बसली होती तेव्हा बुसानभोवतीचा कोपराच तेवढा उरला होता आणि युद्धकाळात तीच हंगामी राजधानी होती. ‘बुसान अजून शाबूत आहे’ या एका वाक्यावर गाडी पुढे जात राहते, याला त्या मातीत आधार आहे.

पण संदर्भ ओळखले म्हणजे चित्रपट कळला असं होत नाही. रूपकं शोधणारे इथेच थांबतात. चित्रपटाचं खरं काम त्याच्या रचनेत आहे आणि ती रचना इतकी काटेकोर आहे की पटकथा लिहिणाऱ्या कोणीही ती वही घेऊन पाहावी.

झोंबींचे नियम तीन. माणूस दिसलं किंवा आवाज आला की धावायचं. अंधारात दिसत नाही. आणि दार उघडता येत नाही. हे नियम एकदम सांगून टाकलेले नाहीत, एकेक करून हाती येतात. गरोदर सॉन्ग-ग्यॉन्ग दाराच्या काचेवर पाणी ओतते, वर्तमानपत्राचे कागद चिकटवते, आणि पलीकडची झुंड माणसं दिसेनाशी होताच शांत होते. मग लक्षात येतं की त्यांना सरकतं दार सरकवताच येत नाही. पुढे गाडी बोगद्यात शिरते आणि अंधाराचा नियम सापडतो. प्रत्येक नियम आधी कळतो, मग वापरला जातो. ऐन वेळी आभाळातून मदत पडत नाही.

या तिसऱ्या नियमावर सगळा चित्रपट उभा आहे. झोंबी दार उघडू शकत नाहीत, तेव्हा या गाडीतलं प्रत्येक दार माणसानेच उघडलेलं किंवा लावलेलं असणार. रोगाला इच्छा नसते, दाराच्या मुठीवरच्या हाताला असते. एवढी एक गोष्ट ठरवल्यावर ‘ती बिचारी सापडली आणि गेली’ असं म्हणायची सोयच राहत नाही.

पहिलं दार लावतो तो नायकच, हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. सॉक-वू हा सोलमधला फंड मॅनेजर. लेकीच्या वाढदिवसाला तिच्याकडे आधीपासून असलेलंच खेळण्याचं यंत्र पुन्हा घेऊन येणारा. गाडीत पळापळ सुरू होते, तो डब्यात पोचतो, आणि मागून सांग-ह्वा आपल्या गरोदर बायकोला, सॉन्ग-ग्यॉन्गला, घेऊन धावत येत असताना त्यांच्या तोंडावर दार लावतो. पुढेही तो लेकीला, सू-आनला, हेच शिकवत असतो. ती म्हातारीला बसायला जागा देते तर हा म्हणतो, अशा वेळी फक्त स्वतःचं बघायचं. तिचं उत्तर एवढंच की आपल्या आजीचेही गुडघे दुखतात. वाटेतल्या देजॉन स्थानकात सगळे प्रवासी उतरतात तेव्हा याने ओळखीच्या लष्करी अधिकाऱ्याला फोन करून आपल्या दोघांपुरती वेगळी वाट काढलेली असते. ती कशी काढली हेही चित्रपट दाखवतो: फोन, ओळख, शेअर बाजारातली टीप. आपल्याकडे ज्याला वशिला म्हणतात तो इतका साधा, इतका रोजचा दिसतो की पाहणाऱ्याला अवघडल्यासारखं होतं.

आता नऊ नंबरच्या डब्यापासूनचा भाग. देजॉनमध्येही झोंबीच निघतात, तिथून गाडी कशीबशी निघते तेव्हा सॉक-वू, सांग-ह्वा आणि बेसबॉल खेळणारा यॉन्ग-गुक नवव्या डब्यात आहेत. मुलगी, गरोदर बाई, म्हातारी इन-गिल आणि एक बेघर माणूस तेराव्या डब्यापाशी शौचालयात कोंडलेले. बाकीचे सुखरूप प्रवासी पंधराव्यात. म्हणजे आधी मधले तीन डबे पार करून तेराव्यात शिरायचं, तिथून चौघांना काढून पंधरावा गाठायचा. हाताला चिकटपट्टी गुंडाळलेली, एकाकडे बॅट, एकाकडे ढाल, आणि सांग-ह्वाचे रिकामे हात. एका डब्यात समोर यॉन्ग-गुकच्या संघातलेच मित्र उभे असतात आणि त्याचा हात उठत नाही. तिथे नेमका बोगदा येतो. मग मोबाइल वाजवून झुंड एकीकडे वळवायची, सामानाच्या फळ्यांवरून सरपटत जायचं. प्रेक्षकाला प्रत्येक क्षणी ठाऊक असतं की किती डबे उरले, मागे काय आहे, पुढे कोण आहे. अंतर असं मोजता आलं की भीतीही मोजता येते. मारधाडीच्या चित्रपटांत बहुतेकदा कोण कुठे उभा आहे हेच कळेनासं होतं आणि मग कोणी मेलं तरी काही वाटत नाही.

पंधराव्या डब्याचं दार आतल्यांनी बांधून टाकलेलं असतं. बस कंपनीतला बडा अधिकारी यॉन-सॉक सगळ्यांना पटवतो की बाहेरच्यांना लागण झाली असणार. ‘असणार’ एवढ्यावर डबा तयार होतो. जिन-ही नावाची शाळकरी मुलगी उघडा म्हणून ओरडते, तिला धरून ठेवतात. बाहेर मागचं दार सांग-ह्वा अंगाने दाबून उभा आहे आणि पुढचं दार बाकीचे फोडताहेत. त्या मधल्या वेळात त्याच्या हाताचा चावा घेतला जातो. तो सॉक-वूवर बायकोची जबाबदारी टाकतो आणि पोटातल्या मुलीचं नाव ओरडून सांगतो, सो-यॉन. म्हातारी इन-गिलही मागेच राहते. हे सगळं काचेपलीकडून दिसत असूनही आतून गाठी कोणी सोडत नाही. मा दोंग-सॉकने सांग-ह्वाचं काम असं केलंय की त्याच्या ताकदीची आपल्याला सवय झालेली असते, हा माणूस काही जात नाही असं वाटत असतं. दार वेळेवर उघडलं असतं तर तो गेलाही नसता. आपलं रडू इथे येतं आणि त्यात चीड मिसळलेली असते. ही चीड नियतीवर जात नाही, त्या डब्यात बसलेल्या, ओळखीच्या वाटणाऱ्या, चांगल्या कपड्यांतल्या माणसांवर जाते.

आत आलेल्या पाच जणांना तो डबा पुन्हा बाहेर काढतो, जिन-हीही त्यांच्यासोबत जाते. त्यांना पुढच्या मोकळ्या जागेत पाठवून दार परत बांधून घेतो. मग इन-गिलची बहीण जॉन्ग-गिल उठते. काचेपलीकडे बहीण उभी आहे, डोळे पांढरे झालेले. जॉन्ग-गिल तिच्याकडे बघते, मागे वळून डब्यातल्या माणसांकडे बघते, काही पुटपुटते आणि दार सरकवते. या एका कृतीने डब्यातली जवळजवळ सगळी माणसं जातात.

या प्रसंगाला टाळ्या वाजवणारे पुष्कळ आहेत आणि मला ते खटकतं. त्या डब्यात केवळ गप्प बसलेलेही होते. भीतीने हात चालेना असे होते. त्यांना ही शिक्षा योग्य, असं चित्रपट म्हणत नाही. कॅमेरा सूडाच्या समाधानावर रेंगाळत नाही. म्हातारीच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा भाव नाही, थकवा आहे. दार लावायचा अधिकार ज्या जमावाने घेतला, त्याच जमावातलं एक माणूस दार उघडायचा अधिकार घेतं, आणि दोन्ही निर्णयांत माणसं मरतात. बाहेर गेलेले सहा जण वाचतात ते केवळ डब्याबाहेर होते म्हणून. दोष कुठे आणि किती, हे प्रेक्षकाला स्वतः ठरवायला लावणारी ही दोन मिनिटं आहेत.

सॉक-वूचा हिशेब मात्र चित्रपट स्वतःच करतो. त्याच्या हाताखालच्या किम नावाच्या माणसाचा फोन येतो. ज्या जैवतंत्रज्ञान कंपनीला यांनी बाजारात सावरून धरलं होतं, तिथूनच हे सुरू झालंय. किम रडत विचारतो, ही आपली चूक आहे का? सॉक-वू म्हणतो, तुझी चूक नाही. मग शौचालयात जाऊन हातावरचं रक्त धुतो आणि कोसळतो. मला हा प्रसंग शेवटच्या प्रसंगापेक्षा मोठा वाटतो. हाताखालच्याला मोकळं करताना त्याने दोष स्वतःकडे घेतला आहे, आणि हे त्याच्याखेरीज गाडीत कोणालाही माहीत नाही. चौकशी नाही, न्यायालय नाही. इथून पुढे तो जे करतो ते ही माहिती पोटात ठेवून करतो.

आता आक्षेपांकडे. इंजिनावर चावा बसल्यानंतर सॉक-वूला नवजात सू-आन हातात घेतल्याचा क्षण आठवतो, पांढऱ्या उजेडात, संगीताच्या भरीसह. कोरियात अशा रडवेपणाला ‘सिन्पा’ म्हणून नाकं मुरडली जातात आणि या प्रसंगावर तशी टीका झालीच. मला वाटतं संगीत आणि उजेड जास्त झालाय, हे खरं. तो काही सेकंद आधी कापला असता तर चाललं असतं. पण त्या आठवणीची जागा बरोबर आहे. लेक जन्मली तेव्हा जो हजर होता आणि नंतर कुठेच हजर नव्हता, शाळेतल्या गाण्याच्या कार्यक्रमाला तिचं गाणं अर्धवट राहिलं तेव्हाही नव्हता, अशा माणसाकडे शेवटी आठवायला तेवढंच असणार.

दुसरा दोष जास्त गंभीर आहे आणि त्याबद्दल कमी बोललं जातं. चावल्यावर माणूस किती वेळात बदलतो, याचा नियम चित्रपट पाळत नाही. गर्दीतला माणूस काही क्षणांत झोंबी होतो, मुख्य पात्रांना निरोप घेण्याइतका अवधी मिळतो. तीन नियमांवर इतकी मेहनत घेतल्यावर चौथ्यात अशी सवलत घेणं ही लबाडी आहे. भावनेवर खरा आक्षेप घ्यायचा तर तो इथे घ्यावा, कारण इथे ती रचनेतून आलेली नाही, उसनी आणलेली आहे.

तिसरा दोष यॉन-सॉकचा. तो गार्डला ढकलतो, जिन-हीला झुंडीपुढे फेकतो, शेवटी हात देणाऱ्या चालकालाही. इतकं एकाच्या माथी मारलं की पंधराव्या डब्यातल्या बाकीच्यांचा वाटा हलका होतो, आणि तो व्हायला नको होता. तरी सुरुवातीचा एक प्रसंग त्याला निव्वळ खलनायक होऊ देत नाही. बेघर माणसाकडे बोट दाखवून तो सू-आनला म्हणतो, अभ्यास केला नाहीस तर अशी होशील. ती म्हणते, असं बोलणारी माणसं वाईट असतात असं आई सांगते. सॉक-वू आणखी पंधरावीस वर्षं तसाच जगला असता तर तो यॉन-सॉक झाला असता. दोघांचा सूट एकसारखा, वाक्यंही एकसारखी. लागण चढताना यॉन-सॉक लहान मुलासारखा घरचा पत्ता सांगतो, आईकडे पोचवा म्हणतो. त्याची कीव येते, पण त्याने काय केलं ते विसरायला होत नाही. बायकांच्या वाट्याला लढणं आलेलं नाही, हाही दोष मोजायलाच हवा. काचेवर कागद लावण्याची अक्कल सॉन्ग-ग्यॉन्गची, पण डबे पार करायला निघतात तिघेही पुरुषच.

माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा त्याच दिग्दर्शकाने 2020 मध्ये दिला. ‘पेनिन्सुला’ हा पुढचा भाग. जग तेच, झोंबी तेच, अंधार आणि आवाजाचे नियमही तेच. सुरुवात तर हुबेहूब याच प्रश्नाने होते: रस्त्यात एक कुटुंब मूल दाखवून मदत मागतं आणि नायक गाडी थांबवत नाही. पण त्यानंतर चित्रपट मोकळ्या, उद्ध्वस्त शहरात जातो, संगणकावर घडवलेल्या गाड्यांचे पाठलाग सुरू होतात, आणि दार नावाची गोष्टच उरत नाही. कोण कशामुळे मेलं हे धुरळ्यात हरवतं. शेवटी रडवायचा भरपूर प्रयत्न आहे, वेग मंदावतो, संगीत चढतं, आणि डोळे कोरडे राहतात. निव्वळ रडवेपणा पुरेसा असता तर हा चित्रपट अधिक चालायला हवा होता.

पहिल्या भागाचा शेवट याच्या शेजारी ठेवून पाहावा. बुसानजवळच्या बोगद्यातून दोन आकृत्या चालत येतात. अंधारात सैनिकांना त्या माणसं आहेत की झोंबी ते ठरवता येत नाही आणि गोळी घालायचा आदेश येतो. तेवढ्यात सू-आन गाऊ लागते, शाळेत अर्धवट राहिलेलं तेच ‘अलोहा ओए’. झोंबी गुरगुरतात, गात नाहीत. नियमांच्या चौकटीत माणूस असल्याचा एवढाच पुरावा तिला देता येतो आणि तोच तिला वाचवतो. बापाला ऐकवायचं राहून गेलेलं गाणं हे भावनेचं टोक, आणि ओळख पटणं हे कथेचं टोक. दोन्ही एकाच आवाजात आली आहेत. शिवाय बंदुकीमागच्या सैनिकापुढचा प्रश्नही पंधराव्या डब्यासारखाच आहे. खात्री नसताना काय करायचं? डब्याने दार बांधलं होतं. सैनिक नेम धरूनही थांबतो.

मराठीत जानेवारी 2022 मध्ये आदित्य सरपोतदार यांचा ‘झोंबिवली’ आला. डोंबिवली, दूषित पाणी, एका बाजूला टॉवर आणि शेजारी झोपडपट्टी. प्रश्न अस्सल आपला होता आणि तो मराठी पडद्यावर झोंबींच्या निमित्ताने आला याचं मोल मोठं आहे. सूर विनोदी ठेवला, तोही एक रास्त मार्ग. मात्र आपल्याकडे याच घाटाचा गंभीर चित्रपट करू पाहणाऱ्याने कोरियाकडून रडकी बापलेक उचलू नयेत आणि नुसती रूपकंही उचलू नयेत. आधी दारं ठरवावीत. सोसायटीच्या गेटची किल्ली कोणाकडे, पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह कोणाच्या हाताखाली, गेट बंद ठेवायचा ठराव बैठकीत कोणी मांडला, अनुमोदन कोणी दिलं, कोण मान खाली घालून बसलं, धुणंभांडी करायला सकाळी आलेल्या बाईंना त्या वेळी कोणी आत घेतलं, आणि वॉचमन गेटच्या कोणत्या बाजूला राहिला.